कलमी शब्द आणि एक चिंधी

माझ्या स्पॅनिशच्या वर्गात दर वर्षी एक धडा येतो आणि माझ्या तोंडाची चव जाते. मुलांना मात्र तोच धडा सगळ्यात जास्त आवडतो. कॉलेज रोडला, मिसळीच्या हॉटेलच्या वरच्या मजल्यावर माझा वर्ग आहे. खालून तर्रीचा वास येत असतो आणि वर द्राक्ष निर्यातीच्या ऑफिसात नोकरी करणारी, स्पेनला शिकायला जायचं म्हणणारी कॉलेजातली मुलं, काही नुसतीच हौशी अशी मंडळी बसलेली असतात. क्रियापदांची रूपं पाठ करून ती वैतागलेली असतात. मग मी फळ्यावर दोन शब्द लिहिते. 'अमिगो' म्हणजे मित्र. 'नोबियो' म्हणजे प्रियकर. दुसऱ्या शब्दाचं डोकं पुसते, उरलेलं शेपूट पहिल्याला जोडते आणि तयार होतो 'अमिगोबियो', म्हणजे मित्राहून जास्त आणि प्रियकराहून कमी असा जो कोण असतो तो. वर्ग खिदळतो. मागे कुणीतरी कुणाला तरी कोपर मारतं. मीही हसते, कारण तिथे हसायचं असतं.

मग गाडी सुटते. 'हुएबेस' गुरुवार आणि 'बिएर्नेस' शुक्रवार. ज्यांना शुक्रवारपर्यंत धीर धरवत नाही आणि गुरुवारीच सुट्टी चढते त्यांचा वार 'हुएर्नेस'. 'बेरानो' उन्हाळा, 'ओतोन्यो' शरद. ऋतू बदलला तरी अंगाची लाही थांबत नाही, त्या दिवसांना 'बेरोन्यो'. 'चोरिसो' हे मसालेदार सॉसेज आणि 'पान' म्हणजे पाव, आपल्या पावाचा चुलत भाऊच. दोन्ही मिळून रस्त्यावर उभ्याने खायचं 'चोरिपान'. 'देदो' म्हणजे बोट आणि 'देमोक्रासिया' म्हणजे लोकशाही. ज्याच्याकडे साहेबाने बोट केलं तोच निवडून आला, अशा कारभाराला 'देदोक्रासिया'. हा शब्द मुलं हमखास घरी नेतात. पालक भेटले की मला तो म्हणून दाखवतात.

यात फार मोठं शास्त्र नाही. पहिल्या शब्दाचं तोंड घ्यायचं, दुसऱ्याचं शेपूट. शब्द शेवटाला दुसऱ्यासारखा वाजला पाहिजे, म्हणजे कानाला तो जुनाच वाटतो. दोन्ही शब्द ऐकणाऱ्याच्या ओळखीचे हवेत, नाहीतर कुणी हसत नाही. आणि सगळ्यात उत्तम जोडी कुठली, तर ज्यात दोन्ही शब्दांमध्ये एखादा आवाज सारखाच असतो आणि एक शब्द दुसऱ्यावर असा बसतो की सांधा शोधूनही सापडत नाही. मी यांना कलमी शब्द म्हणते. मुलं विचारतात, "मॅम, याचं बेस्ट उदाहरण कोणतं?" मला एक उदाहरण माहीत आहे. ते मी फळ्यावर लिहीत नाही. वेळ संपली म्हणते आणि डस्टर उचलते.

पूर्वी मी अशी नव्हते. पूर्वी माझ्याकडे हिरव्या पुठ्ठ्याची एक वही होती. आहे अजून. तिच्यात मी हे शब्द गोळा करायचे, लहान मुलं काडेपेटीची चित्रं गोळा करतात तसे. मी स्पेन पाहिलेला नाही, स्पॅनिश बोलणारा एकही देश पाहिलेला नाही. पुण्याला जाऊन येऊन डिप्लोमा केला आणि बाकीची भाषा मालिकांतून, रेडिओवरच्या गप्पांतून आणि अनोळखी लोकांच्या इंटरनेटवरच्या भांडणांतून उचलली. त्यामुळे पुस्तकात नसलेला शब्द मिळाला की मला हुरळून जायला व्हायचं.

गंमत म्हणजे हेच कुणी मराठीत केलं की मला शिसारी यायची. नवरा-बायकोच्या नावांचा चुरा करून बंगल्याला दिलेलं नाव, बिल्डरने दोन मुलींची नावं कापून इमारतीला लावलेलं नाव, अर्धं इंग्रजी अर्धं मराठी अशी नाश्त्याच्या दुकानाची पाटी, हे सगळं बघून मी रिक्षात बसल्या बसल्या नाक मुरडायचे. मराठीची लक्तरं केली म्हणायचे. स्पॅनिशची लक्तरं मात्र मी वहीत चिकटवून ठेवत होते. तेव्हा हे माझ्या लक्षात आलं नाही. स्वतःच्या तोंडाचा वास स्वतःला येत नाही, तसलाच प्रकार.

तर त्या हिवाळ्यात दिंडोरीकडच्या एका मोठ्या बागाईतदाराचा फोन आला. त्याने द्राक्षबागेसाठी चिलीहून एक सल्लागार बोलावला होता. माणूस आपल्या कामात वाकबगार, पण इंग्रजी जेमतेम. आठवडाभर दुभाषी पाहिजे होती. मी इतक्या वर्षांत खऱ्याखुऱ्या स्पॅनिश बोलणाऱ्या माणसाबरोबर सलग तासभरही बोलले नव्हते. मी वर्गाला सुट्टी दिली, वही पर्समध्ये टाकली आणि निघाले.

सल्लागार उंच, उन्हाने रापलेला, हसतमुख गृहस्थ. त्याची भाषा माझ्या पुस्तकांसारखी अजिबात नव्हती. शब्दांची शेपटं खायचा, भराभर बोलायचा आणि दर दोन वाक्यांनी असा काहीतरी शब्द टाकायचा की माझा हात वहीकडे जायचा. त्याला ते आवडलं. मुद्दाम नवे नवे शब्द आठवून सांगायला लागला. मालक मध्येच म्हणायचा, "मॅडम, त्यो खताचं काय बोलला ते सांगा ना." मी ओशाळून खताकडे यायचे. 'कलम' हा शब्दही मला त्या मालकानेच दिला. खाली खुंट एका जातीचा, वर काडी दुसऱ्या जातीची, आणि चांगलं कलम तेच, जिथे दोन-तीन वर्षांनी बोट फिरवून बघितलं तरी जोड लागत नाही. मी ते लगेच लिहून घेतलं.

बागेत तेव्हा थिनिंग चालू होतं. घडात मणी दाटीने भरलेले असतात, त्यातले जास्तीचे मणी छोट्या कात्रीने वेचून काढायचे म्हणजे उरलेले फुगतात. मान वर करून दिवसभर करायचं काम. ते सुरगाण्याकडून आलेल्या बायकांची टोळी करत होती. त्यांची मुकादमही बाईच होती, पन्नाशीची, बारीक, डोक्याला टॉवेल गुंडाळलेली. तिला अक्षरओळख नव्हती. टोळीत कुणालाच फारशी नव्हती. मालकाने परदेशी पद्धत म्हणून प्रत्येक ओळीच्या खांबाला प्लॅस्टिकचा टॅग लावला होता. त्यावर काम कुणी केलं आणि कधी केलं ते लिहायचं होतं. टॅग कोरेच लोंबत होते. त्यांच्याशेजारी तारेला जुन्या लुगड्यांच्या चिंध्या बांधलेल्या होत्या. हिरवी, जांभळी, फुलांची, चौकड्यांची.

पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी तिला त्या चिंध्यांबद्दल विचारलं. नागलीची भाकरी मोडता मोडता तिने समजावून सांगितलं. दर बाईचं कापड वेगळं. जिने ओळ धरली तिने आपली चिंधी बांधायची. सकाळच्या कामाला एक गाठ, दुपारनंतरच्या कामाला दोन गाठी. घडाला कात्री लागली, मणी जास्त उडाले, तर कुणाच्या हातून झालं ते चिंधी बघून कळतं, आणि एकीचं दुसरीवर जात नाही.

"टॅगवर कोनीबी कोनाचं नाव लिवंल," ती म्हणाली. "लुगडं कसं लपवशील?"

मला ते इतकं आवडलं की मी तिच्याकडून कात्री मागून घेतली आणि एका वेलीचे चार-पाच घड विरळ केले. ती शेजारी उभी राहून बघत होती. एका घडाचं मी वाटोळं केलं. ती हसली नाही. तिने कमरेचं बोचकं सोडलं, एक पिवळी किनार टर्रकन फाडली आणि त्या वेलीच्या तारेला बांधली.

"ही तुझी," म्हणाली. "आमच्या पोरींवर नको यायला."

त्याच जेवणात तिने दुसरीही एक गोष्ट सांगितली. टोळीत तिची सून होती, सातवा महिना चालू असलेली. मालकाने शब्द दिला होता की काम नीट झालं तर द्राक्षं उतरेपर्यंत हीच टोळी ठेवायची आणि बागेतल्या पत्र्याच्या खोल्याही त्यांनाच. तेवढ्या काळात सून मोकळी झाली असती. तालुक्याच्या दवाखान्यात तिचं नाव घातलं होतं, डॉक्टरीणबाईने दोनदा तपासलं होतं, आधीचं बाळ घरी आडवं येऊन गेलं म्हणून या वेळी दवाखान्यातच यायचं असं बजावलं होतं. इथलं काम सुटलं तर टोळी गुजरातकडे बांधकामावर जाणार, आणि तिथे कुठला दवाखाना आणि कुठली डॉक्टरीणबाई. "आठ दिवस तो गोरा हाय, तवर डोळ्यात तेल घालून काम कराचं, असं सांगितलंय मी पोरींना," ती म्हणाली. तो काही फारसा गोरा नव्हता, पण मी ते काढलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सल्लागार त्या ओळीत शिरला आणि चिंध्या बघून थबकला. तोवर मांडवाच्या दुसऱ्या टोकालाच आमचं काम चाललं होतं. त्याने एक चिंधी दोन बोटांत धरली. जुनं कापड, घामाचं, कुठलं कुठलं, त्यात भुरीसारखा रोग तग धरून राहतो, परदेशी खरेदीदाराच्या माणसाने हे बघितलं तर माल दारातूनच परत जाईल, असं तो बोलत गेला आणि मी मराठीत सांगत गेले. यातलं काही चूक होतं असं मी म्हणत नाही. मग त्याने टॅग उलटा केला. कोरा. दुसरा उलटा केला. तोही कोरा. मुकादम बाई चार पावलांवर कात्री घेऊन उभी होती, तिच्या मागे सून. त्याने त्यांच्याकडे बोट केलं आणि एकच शब्द उच्चारला.

"आनाल्फाबेस्तियास."

'आनाल्फाबेतो' म्हणजे निरक्षर. 'बेस्तिया' म्हणजे जनावर. दोन्हींत 'बे' आहे. तो सामाईक आहे. एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. माणूस म्हणून सुरुवात होते आणि जीभ कुठेही न अडखळता जनावरावर येऊन थांबते.

मी हसले.

खोटं कशाला सांगू, नुसती हसले नाही. खूश झाले. हा शब्द मी वाचला होता, पण माणसाच्या तोंडून, रागाच्या भरात, जिवंत असा पहिल्यांदाच ऐकत होते. मी त्याला म्हटलं, परत म्हणा ना. त्याचा रागच गेला. त्याने कौतुकाने सावकाश परत म्हटला, जोड कुठे आहे ते हाताने कापून दाखवलं. मी दोन ओळींच्या मध्ये उभी राहून पर्समधून वही काढली आणि तो लिहून घेतला. ज्या बायकांना तो म्हटला होता त्या माझ्याकडे बघत होत्या. आज हे लिहिताना त्या माणसाची किळस मला तितकी येत नाही जितकी त्या वहीवर चालणाऱ्या माझ्या पेनची येते.

"काय म्हणला?" मालकाने विचारलं.

"म्हणतात, लिहिता-वाचता येणारी माणसं घ्या," मी सांगितलं.

जनावर मी गाळलं. किती सभ्य आपण, असंही क्षणभर वाटलं. खरं तर मी दुसरं काय केलं होतं? त्याच्या शब्दाचं तोंड घेतलं, माझ्या मर्जीचं शेपूट जोडलं, आणि सांधा दिसू दिला नाही. त्या अर्ध्या वाक्याने टोळीचं काम गेलं. सगळं वाक्य सांगितलं असतं तर कदाचित मालक चिडला असता. बायकांना जनावर म्हणू देणारा तो माणूस नव्हता, घरात म्हातारी आई निरक्षरच होती त्याची. पण 'शिकलेली माणसं घ्या' यात चिडण्यासारखं काय आहे? तो सल्ला झाला. सल्ल्यासाठीच तर त्याला बोलावलं होतं.

आणि चिंध्यांचं? चिंध्या म्हणजे घाण नाही, ती या बायकांची सही आहे, तुमच्या टॅगपेक्षा पक्की आहे, हे त्या बागेत एकाच माणसाला दोन्ही भाषांत सांगता येत होतं. कापडाऐवजी रंगीत प्लॅस्टिकच्या पट्ट्या द्या, एवढं एक वाक्य पुरलं असतं. मी बोलले नाही. दुभाष्याने आपल्या पदरचं घालू नये असा नियम आहे, असं मी स्वतःला सांगितलं. त्याच्या बोलण्यातलं गाळताना हा नियम मला आठवला नव्हता.

मालकाने तिथेच फोन लावला. निफाडकडून पोरांची टोळी मिळत होती, बारावीपर्यंत शिकलेली, उद्यापासून येते म्हणाली. मुकादम बाईला त्याने बाजूला घेऊन सांगितलं. ती वाद घालत नव्हती. एकदा तिने सुनेकडे हात केला, मालकाने मान खाली घातली, एवढंच मला लांबून दिसलं.

दुपारी त्या बायका ओळीओळीने फिरल्या आणि आपापल्या चिंध्या सोडून घेऊ लागल्या. कुणी सांगितलं नव्हतं. हिरवी हिरवीवालीने, जांभळी जांभळीवालीने. मी पाण्याच्या टाकीपाशी उभी होते. मुकादम बाई माझ्याकडे आली.

"ताई, तो काय बोलला?"

"लिहिता-वाचता येणारी माणसं पाहिजेत म्हणाला."

"अजून?"

"अजून काही नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. नजर तिखट नव्हती. कात्री लागलेला घड बघावा तशी बघत होती, कुणाचा हात आहे ते ओळखायला.

"यवढंच बोलला, तर मंग तू हसली कशाला?"

मी म्हटलं, त्याची बोलायची ढब विचित्र आहे म्हणून.

"आमचं बोलनं आयकून नाय हसली तू," ती म्हणाली, "मला वाटलं तू चांगली हायेस." आणि पिकअप आली होती तिकडे गेली. सून आधीच मागे चढून बसली होती, दवाखान्याच्या कार्डाची प्लॅस्टिकची पिशवी मांडीवर धरून.

त्या सुनेचं पुढे काय झालं मला माहीत नाही. मी शोध घेतला नाही. नंबर नव्हता वगैरे म्हणता येईल, पण मालकाकडून सहज मिळाला असता.

दुसऱ्या दिवशी शिकलेली टोळी आली. पोरांनी पहिल्या तासातच सावलीत बसून सगळे टॅग एका पेनाने भरून टाकले, न केलेल्या ओळींचेसुद्धा, आणि मग मोबाइलवर गाणी लावून कात्र्या हातात घेतल्या. सल्लागार टॅग वाचत वाचत समाधानाने मान हलवत होता. मी त्याच्या मागून चालत होते. पर्समधल्या वहीचं ओझं वाटत होतं, तरी ती घरी ठेवून यायचं मला सुचलं नव्हतं.

एका वेलीपाशी तो थांबला. तारेला एक चिंधी राहिली होती. पिवळी किनार. तिच्याखालच्या एका घडाचे निम्मे मणी उडालेले होते. त्याने घड हातात घेऊन मला दाखवला, चिंधीकडे बोट केलं आणि कालचाच शब्द म्हटला, या खेपेला एकवचनी. मला आवडतो हे माहीत असल्यामुळे मुद्दाम, हसून, माझ्याकडे बघून.

मालकाला शब्द समजला नाही, पण बोट समजलं. "हे कोणी केलं, मॅडम?" त्याने मला विचारलं. "तुम्ही बसायच्या ना त्यांच्यात. ही पिवळी कोणाची?"

"असेल त्या बायकांपैकी कुणाची तरी," मी म्हटलं.

मालकाने ती काढून टाकायला सांगितलं. पोरं लांब होती, म्हणून मीच पुढे झाले. गाठ एकच होती, पण तिने ती चांगली आवळून बांधली होती; मला नखांनी ती लवकर सुटेना.